आईचें आडनांव

आडनांव जन्माबरोबर येतें आणि चितेबरोबर जातें, असा घरोघरीं समज आहे. पेण आणि रोहें ह्या टापूचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं. रोह्याच्या देशमुखांचें आडनांव कुळाचें नव्हे, वतनाचें. परगण्याचा वसूल ज्याच्याकडे, तो देशमुख. पेणेहून खाडी ओलांडली कीं अलिबाग. तेथें राज्य करणाऱ्या आंग्र्यांचें मूळ आडनांव संकपाळ; आंगरवाडी गांवावरून ते आंग्रे म्हणविले गेले. हुद्यानें, गांवानें, दत्तविधानानें आडनांवें अशीं सर्रास पालटलीं. मात्र पालटणारा बहुधा पुरुष असे.

स्त्रीनें तसें कांहीं करूं म्हटलें, तर काय होई? आंग्र्यांच्या घरांतच पहावें. रघोजी आंग्रे १८३८ सालीं वारले; त्यांच्या पश्चात् जन्मलेलें बालकहि लौकरच निवर्तलें. राजघराण्यांतील विधवेनें दत्तक घेण्याची परवानगी मागितली. कंपनी सरकारनें ती नाकारली आणि १८४० सालीं कुलाबा संस्थान खालसा केलें. तेथें प्रश्न राज्याचा होता, हें खरें. परंतु मुलाला घराण्याचें नांव देण्यास विधवेचा शब्द पुरेसा नाहीं, ही गोष्टहि त्यांत स्पष्ट झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं हिंदु अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा झाला. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या पश्चात् आई, असें त्यांत म्हटलें. हा 'पश्चात्' शब्द फार दिवस नडला. लेखिका गीता हरिहरन् यांनीं १९८४ सालीं अज्ञान मुलाच्या नांवें रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठीं अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांची होती, पतीची त्यास संमति होती; तरीहि बँकेनें बापाचीच सही मागितली. ह्याच बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या त्या वतनी आडनांवाचे! सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं त्या शब्दाचा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा न घेतां 'बापाच्या अनुपस्थितींत' असा लावला.

आडनांवाचा प्रश्न मात्र २०२२ पर्यंत लोंबकळत राहिला. आंध्रांतील एका विधवेनें पुनर्विवाह केला. मुलाच्या आडनांवावरून तिचा मृत पतीच्या आईबापांशीं वाद झाला. मुलाला पहिल्या बापाचें आडनांव पुनः लावावें, आणि नव्या पतीची नोंद 'सावत्र बाप' अशी करावी, असा हुकूम उच्च न्यायालयानें दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें २८ जुलै २०२२ रोजीं तो रद्द केला. बापाच्या मृत्यूनंतर आई हीच एकमेव नैसर्गिक पालक. आडनांव ठरविण्याचा अधिकार तिचाच. 'सावत्र' हा शिक्का मुलाच्या मनावर काय करील, ह्याचा विचार खालच्या हुकुमांत नव्हता, हें न्यायमूर्तींनीं कडक शब्दांत सुनावलें. सुनावलें तें योग्यच झालें.

बाप हयात असून वेगळा राहात असेल, तर वाट इतकी सरळ नाहीं. पेणेस काय किंवा रोह्यास काय, राजपत्रांत नांवाचा पालट प्रसिद्ध करावा लागतो आणि मग शाळेच्या जनरल रजिस्टरांत नोंद व्हावी लागते. त्यांत बापाची हरकत निघाली, तर मुलाचें हित कशांत आहे हें न्यायालय पाहतें. आईनें एकटीनें दिवस काढले, ही गोष्ट कागदावर सिद्ध करणें हें पुष्कळदां दिवस काढण्यापेक्षां जड जातें.

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालच्या निर्णयानें, त्या वर्षींच्या १ मे रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नांवापाठोपाठ आईचें नांव आणि मग बापाचें नांव घालणें आवश्यक झालें. आडनांव पूर्वींप्रमाणेंच शेवटीं राहिलें.