तीव्र कुपोषित बालकाची परिचर्या

तीव्र कुपोषित बालकाची परिचर्या : कुपोषणाने खंगलेल्या, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाची शुश्रूषा व आहारोपचार. उंचीच्या मानाने अत्यंत कमी वजन, ११.५ सेंमी.हून कमी दंडघेर किंवा दोन्ही पावलांवर सूज, यांपैकी एक लक्षण आढळले तरी बालक तीव्र कुपोषित (सॅम) ठरते. पावलावर अंगठा दाबून उचलल्यावर खळगा राहिला, तर सूज आहे असे समजतात. भूक मेलेली असल्यास किंवा जुलाब, न्यूमोनियासारखा आजार जडला असल्यास बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात.

उपासमारीत हृदय, मूत्रपिंडे, आतडी यांचे काम मंदावलेले असते. अशा बालकाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने घटतात आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून आरंभी एफ-७५ हा दुधाचा आहार थोडाथोडा देतात. त्याच्या १०० मिलि.मध्ये ७५ किलोकॅलरी व सु. ०.९ ग्रॅ. प्रथिने असतात.

हा आहार दर दोन तासांनी, रात्रीही द्यावा लागतो. पहाटेचे एक पाजणे चुकले तरी रक्तशर्करा घसरून, अंग गार पडून बालक दगावू शकते. रात्रपाळीच्या परिचारिकेचे जागरण हा येथे उपचारच होय. बाटली वापरत नाहीत. बालकाला मांडीवर बसते धरून वाटी-चमच्याने पाजतात, उरलेले मोजून तक्त्यात नोंदवतात. पुरेसे घेत नसल्यास नाकातून घातलेल्या नळीने देतात. ऊब टिकावी म्हणून त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालतात. नाडी व श्वास एकाएकी वाढल्यास आहार आवरून डॉक्टरांना कळवतात. बालक फिकट दिसत असले तरी लोह लगेच देत नाहीत. ते वजन वाढू लागल्यावर सुरू करतात.

भूक परतली व सूज उतरू लागली, की हळूहळू एफ-१०० या पुढच्या टप्प्याच्या आहारावर नेतात. वजन रोज एकाच वेळी, त्याच काट्यावर घेतात. किलोमागे दिवसाला १० ग्रॅ.हून अधिक वाढ उत्तम मानतात.

मरगळलेले, किरकिरे मूल खुळखुळ्याकडे हात करू लागणे ही सुधारणेची मोलाची खूण होय. म्हणून खेळवणे हाही परिचर्येचा भाग आहे. आईला दोष न देता, घरातल्याच डाळ, तांदूळ, तेल, अंडे यांतून दाट आहार तिच्याकडून करवून घेतात; कारण घरी परतल्यावर परिचारिका तीच असते.