ढाळ जुने, गवत नवे : गोल्फमधील ‘अन्याय्य’ खळग्यांची कथा

२० जून २००४. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या शिनेकॉक हिल्स मैदानावर यूएस ओपन या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. सकाळी उतरलेल्या पहिल्या चार खेळाडूंपैकी तिघांना सातव्या होलवर अपेक्षित तीनऐवजी सहा फटके लागले. चेंडू ग्रीनवर ठरतच नव्हता. अखेर आयोजकांनी एक जोडी पुढे गेली की दुसरी येईपर्यंत त्या ग्रीनवर पाणी मारायला सुरुवात केली. फेरी चालू असताना मैदानच बदलले गेले. ही वेळ का आली, हे समजण्यासाठी १९३५ सालापर्यंत मागे जावे लागते. आजचा धागा त्याविषयी.

गोल्फ न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. प्रत्येक होलच्या शेवटी अगदी बारीक कापलेल्या गवताचा पट्टा असतो, तो ग्रीन. त्यात सव्वाचार इंच व्यासाचा खळगा असतो आणि त्यात चेंडू घालायचा असतो. हा खळगा कायम एकाच ठिकाणी नसतो. मोठ्या स्पर्धांत तो रोज नव्या जागी कापतात आणि ती जागा आयोजक ठरवतात. ग्रीन सपाट नसल्याने हा निर्णय फार महत्त्वाचा. उताराच्या कडेला खळगा ठेवला की उत्तम फटकाही वाया जाऊ शकतो.

१९३५ ची यूएस ओपन पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट येथे झाली. तिथली ग्रीन्स वेगासाठी आधीच बदनाम होती. त्या काळातला अव्वल खेळाडू जीन सॅराझेन याने हलकेच ढकललेला चेंडू ग्रीनवरून घरंगळत थेट वाळूच्या खड्ड्यात गेला. सॅम पार्क्स धाकटा २९९ फटक्यांत जिंकला. तीनशेच्या आत येणारा तो एकटाच. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचा मॅसॅच्युसेट्सचा हौशी विजेता होता. ही ग्रीन्स अवाजवी वेगवान आहेत अशी त्याची खात्री झाली, पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्याने वेग मोजण्याचे एक लाकडी साधन बनवले.

साधन इतके साधे आहे की हसू यावे. सुमारे तीन फूट लांबीची एक पन्हळ, वरच्या टोकाजवळ एक खाच. खाचेत चेंडू ठेवून ते टोक हळूहळू उचलायचे. सुमारे वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. सपाट जागेवर तो जितके फूट धावेल तितका त्या ग्रीनचा वेग. चार दशके या साधनाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७६ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेतील फ्रँक थॉमस यांनी ते अॅल्युमिनियममध्ये घडवले आणि १९७८ पासून ते मैदानांची निगा राखणाऱ्यांना मिळू लागले. त्याचे नाव स्टिम्पमीटर.

हेतू अगदी सरळ होता : एकाच मैदानावरची अठरा ग्रीन्स एकमेकांशी जुळती राहावीत. पण हाती आकडा आला की माणसे त्याची स्पर्धा लावतात. त्या वेळच्या तक्त्यात रोजच्या खेळासाठी साडेसहा फूट हा मध्यम वेग होता आणि स्पर्धेसाठी साडेदहा फूट म्हणजे वेगवान. आज मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा फूट ही सर्रास गोष्ट आहे. अवाजवी वेग सिद्ध करण्यासाठी जन्मलेले साधन वेग मिरवण्याच्या कामी आले. स्टिम्पसनला ही गंमत कितपत रुचली असती, कोण जाणे.

आता मूळ दुखणे. सुटताना चेंडूचा वेग ठरलेलाच असतो. मग तो साडेसहाऐवजी तेरा फूट धावतो याचा अर्थ त्याला अडवणारा गवताचा रोध निम्मा झाला. साहजिकच ज्या उतारावर चेंडू थांबू शकतो, तो उतारही निम्म्यावर येतो. शिनेकॉकचे आजचे मैदान विल्यम फ्लिन यांच्या आराखड्यानुसार १९३१ साली खुले झाले. त्याचे ढाळ त्या काळच्या उंच गवताला साजेसे होते. गवत खाली गेले. ढाळ तसेच राहिले. खळगा ठेवण्याजोगी जागा मात्र आक्रसत गेली. सातवे होल तर ‘रेडान’ घडणीचे, म्हणजे खेळाडूपासून दूर, मागे डावीकडे उतरत जाणारे ग्रीन. (हे नाव क्रिमियन युद्धातील सेवास्तोपोलच्या तटबंदीवरून आले. बचावासाठीच बांधलेले!)

खेळाडूंची तक्रार नेहमीच ग्राह्य धरावी असे मला वाटत नाही. १९७४ साली विंग्ड फूटवर हेल अर्विन पारपेक्षा सात फटके जास्त घेऊन जिंकला, तेव्हाही ओरड झाली होती. त्यावर संघटनेच्या सँडी टेटम यांनी उत्तर दिले : जगातील उत्तम खेळाडूंची फजिती करणे हा आमचा उद्देश नाही, उत्तम कोण हे ओळखणे हा आहे. कसोटी म्हणून मला हे मान्य आहे. खडतरपणा सर्वांना सारखा असेल तर तो अन्याय नव्हे. पण १९९८ साली ऑलिम्पिक क्लबवर शुक्रवारी अठराव्या होलचा खळगा उतारावर कापला गेला. पेन स्ट्युअर्टने सुमारे आठ फुटांवरून मारलेला चेंडू खळगा चुकला आणि पंचवीसेक फूट खाली घरंगळत गेला. तो स्पर्धा एका फटक्याने हरला. त्या एका खळग्यानेच त्याला हरवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र चांगला आणि वाईट फटका एकाच जागी जाऊन पडत असेल, तर तिथे कोणाची ओळख पटणार?

या कसोटीवर २००४ चा दिवस पूर्ण नापास होतो. एकालाही पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी संपवता आली नाही. पार ७० होता, सरासरी ७८.७. पण मला त्याहून गंभीर वाटते ते पाणी. कोरड्या ग्रीनवर खेळून गेलेल्यांचे फटके तसेच राहिले आणि मागून येणाऱ्यांना ओले ग्रीन मिळाले. रेतीफ गूसन जिंकला, आणि अप्रतिम खेळून जिंकला, हे वेगळे.

चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये, स्पर्धा पुन्हा तिथेच आली. शनिवारी दुपारी वारा वाढला, ग्रीन्स वाळली आणि तेराव्या व पंधराव्या होलचे खळगे वादात सापडले. तेराव्यावर फिल मिकलसनने धावत जाऊन चालता चेंडूच पुन्हा मारला. दोन फटक्यांचा दंड धरून त्याचे दहा झाले. परंतु त्या नाट्यापेक्षा गुणफलक पाहावा. टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर आघाडीवरच्या डस्टिन जॉन्सनपेक्षा ११ फटके मागे होते. ते बरेच लवकर खेळले, दोघांनी ६६ केले. जॉन्सन दुपारी खेळला, ७७. दिवसअखेर तिघे बरोबरीत. ११ फटक्यांचे अंतर काही अंशी घड्याळाने भरून काढले होते. मैदान हाताबाहेर गेल्याची कबुली त्याच दिवशी संघटनेच्या माइक डेव्हिस यांनी दिली.

रात्री ग्रीन्सना भरपूर पाणी दिले गेले आणि खळगे सौम्य जागी आले. रविवारी टॉमी फ्लीटवूडने त्याच मैदानावर ६३ फटक्यांत फेरी संपवली. ब्रूक्स केप्का पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन विजेता ठरला, फ्लीटवूड त्याच्या एक फटका मागे राहिला.