नियम आणि उपचार

पैनगंगेच्या अलीकडं आपलं आदिलाबाद, पलीकडं विदर्भ. राज्यं दोन झाली, तरी दारूपायी बायकांनी सोसलेलं दुःख दोन्ही काठांवर सारखंच. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बाया दारूविरुद्ध उठल्या आणि ते लोण आंध्रभर पसरलं. १ ऑक्टोबर १९९३ ला अरक बंद झाला, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये ती उठलीसुद्धा.

बायांनी दुकानं बंद पाडली, हे मोठंच काम. पण दारूवाचून ज्याचे हात थरथरतात, त्याला न्यायचं कुठं?

पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी याचं उत्तर आधीच शोधलं होतं. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. पस्तीस दिवस तिथंच राहायचं. आधी शरीर सावरायचं, मग समुपदेशन, योग, गटात बोलणं. बरे झालेलेच पुढं कार्यकर्ते झाले. बायकोसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण घरातली बाईही खचलेली असते. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. पुढं लेक मुक्तानं काम सांभाळलं.

आपण जैन बायका लहानपणापासून मद्य हे सप्त व्यसनांपैकी एक, असं ऐकत आलो. ते खरंच आहे. पण त्यामुळं घरातला कुणी पितो म्हटलं की आई झाकते, सून गप्प बसते. फार तर महाराजांपुढं उभं करून त्याला नियम देववतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवावरही बेतू शकतं. म्हणून नियमाआधी डॉक्टर हवा. अनिताताईंनी व्यसनाला आजार मानलं ते याचसाठी.

नियमाची जागा मात्र पुढं आहेच. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’मध्ये जन्मभराची शपथ घेत नाहीत, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, म्हणतात. आपल्याला हे नवं नाही. नवकारसीचं पच्चक्खाण सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांचंच असतं, आणि ते रोज नव्यानं घ्यावं लागतं. उपचार घेऊन घरी आलेल्याचंही तसंच. त्याला रोज सकाळी टोमणा नको, सोबत हवी.