गाल, बोल्ट आणि दुर्बीण

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एनसीसीच्या कॅम्पला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. फायरिंगचा दिवस. हातात पॉइंट टू-टू रायफल, एका डबीत पाच गोळ्या, समोर कागदी टार्गेट. पोटावर झोपून पोझिशन घेतली, दम रोखला, चाप ओढला. पहिली गोळी बऱ्यापैकी मधोमध लागली. इथपर्यंत सगळं छान.

पुढची गोळी भरायची म्हणजे बोल्टची मूठ वर उचलायची, मागे खेचायची, गोळी हाताने आत ठेवायची, बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली पाडायची. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रायफल खांद्याला लावून ठेवली तर मूठ मागे ओढताना माझी मान मागे जायची, कोपर जमिनीवरून सरकायचं. शेवटी प्रत्येक वेळी रायफल खांद्यातून काढून, बोल्ट ओढून, पुन्हा खांद्याला लावली. म्हणजे पाच गोळ्या पाच वेगवेगळ्या माणसांनी मारल्यासारख्या! मागून उस्ताद ओरडत होते, "हिलना मत! हिलना मत!" टार्गेट आलं तेव्हा त्यावर चार भोकं, चार कोपऱ्यांत. पाचवी गोळी कुठे गेली ते देवास ठाऊक. ग्रुपिंग नापास, शूटिंगच्या टीममधून नाव कट.

दोष आपल्या हाताचाच, असं मी पुढे बरीच वर्षं धरून चाललो होतो. (माझी उंची पाच फूट तीन इंच. हे इथेच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे.)

परवा एका शनिवारी सहज ली-एनफिल्ड रायफलबद्दल वाचत बसलो आणि एका ओळीवर अडकलो. या रायफलचा लाकडी दस्ता एकाच मापाचा नव्हता! नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि तब्बल एक इंच आखूड असे चार प्रकार होते. आखूडवर 'एस', लांबवर 'एल' आणि सगळ्यात आखूडवर 'बी' अक्षर ठोकलेलं असायचं. बी म्हणजे बँटम. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने नेहमीच्या उंचीत न बसणाऱ्या बुटक्या माणसांच्या वेगळ्या बँटम पलटणी उभ्या केल्या होत्या, त्यावरून ते नाव. थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वीच्या सैन्याला ठाऊक होतं की बुटक्या माणसाला आखूड दस्ता लागतो. आणि मी मात्र स्वतःला दोष देत बसलो होतो!

मग शनिवारचा रविवार झाला. तेच इथे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला संशोधक. त्याच्या बोल्टची आणि खालून लावायच्या पेटीसारख्या मॅगझिनची रचना ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलमध्ये स्वीकारली. १८९५ मध्ये ली-एनफिल्ड आली आणि १९०७ मध्ये तिचं सगळ्यात गाजलेलं रूप, मार्क थ्री. आपल्याकडे जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात तीच ही. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली. १९६०च्या दशकात तिथेच तिची ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची आवृत्तीही निघाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट जानेवारी २०२० मध्ये! आमची एनसीसीची टू-टू याच घराण्यातली धाकटी बहीण.

या रायफलची खरी गंमत बोल्टमध्ये आहे. जर्मन माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो, लीचा मागच्या बाजूला. त्यामुळे लीचा बोल्ट कमी अंतर मागे ओढावा लागतो. माउझरची मूठ नव्वद अंश उचलावी लागते, लीची साधारण साठ. शिवाय लीची मूठ चापाच्या अगदी जवळ, म्हणजे हात फारसा हलवावा लागत नाही. आणि स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, उचलताना नाही. कागदावर हे फरक किरकोळ वाटतात. पण १९१४च्या आधीचा ब्रिटिश सैनिक तीनशे यार्डांवरच्या टार्गेटवर मिनिटाला पंधरा गोळ्या मारण्याचा सराव करायचा. म्हणजे चार सेकंदांना एक, त्यातच मध्ये पाच-पाच गोळ्यांच्या चार्जर पट्ट्या वरून दाबून मॅगझिन भरायचं. रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट मारता आला तरच हे जमतं. दस्त्याची चार मापं म्हणजे लाड नव्हते, या वेगाची ती गरज होती.

इथपर्यंत डोळा, गाल आणि हात यांचं एकमेकांशी बरं चाललं होतं. मग आली दुर्बीण.

१९१४ संपता संपता पश्चिम आघाडीवर दोन्ही सैन्यं खंदकांत जाऊन बसली आणि जर्मनांचे दुर्बीणवाले नेमबाज ब्रिटिशांची डोकी टिपू लागले. डोकं अर्धा क्षण वर आलं की संपलं. जर्मनांनी आपल्या निवडक माउझरवर दुर्बीण वर बसवली होती आणि तिच्या आड येऊ नये म्हणून बोल्टची मूठ खाली वाकवून घेतली होती. साधा, लोहाराला सुचेल असा उपाय. ब्रिटिशांनी घाईघाईत दुर्बिणी मिळवल्या खऱ्या, पण बसवल्या कुठे? बऱ्याचशा रायफलच्या डाव्या अंगाला! कारण नळीच्या बरोबर वर दुर्बीण ठेवली तर चार्जर पट्टी वरून कशी घालणार, आणि नेहमीची माशी कशी दिसणार?

हे वाचून मला आमच्या ऑफिसातली रिक्वायरमेंट डॉक्युमेंटं आठवली. "जुनं सगळं चालू राहिलं पाहिजे, आणि वर नवीनही हवं." अहो, खंदकातला स्नायपर तासातासाला एखादी गोळी मारणार. त्याला मिनिटाला पंधराचा वेग कशाला हवाय?

किंमत मोजली ती गालाने. उजव्या हाताचा माणूस दस्त्याला उजवा गाल टेकवतो तेव्हा त्याचा डोळा नळीच्या रेषेत येतो. दुर्बीण डावीकडे सरकली की डोळाही डावीकडे न्यावा लागतो, म्हणजे गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोकं अधांतरी राहतं. डोकं अधांतरी असलं की दर वेळी डोळा थोड्या वेगळ्या जागी. माझ्या पाच गोळ्यांसारखंच! त्यात दुर्बीण आणि नळी शेजारी-शेजारी असल्याने दोघींच्या रेषा ठरावीक अंतरावरच एकत्र येणार, त्याच्या अलीकडे-पलीकडे गोळी बाजूला सरकणार.

हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याने यावर रान उठवलं. हा मूळचा शिकारी, प्रवासी, लेखक, आणि हॅम्पशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू. (इंग्रज होता, क्रिकेट आलंच.) १९१६ मध्ये त्याने फ्रान्समधल्या लिंगम गावी पहिल्या आर्मीसाठी स्नायपरांची शाळा चालवली आणि १९२० मध्ये अनुभवांचं पुस्तक छापलं. बाजूच्या दुर्बिणीवर त्याचा मोठा राग होता, आणि त्याचं एक कारण वाचून मला आपले किल्ले आठवले. स्नायपर गोळी मारायचा ती पोलादी पत्र्यातल्या छोट्या भोकातून. आपल्या तटबंदीतल्या जंग्या असतात ना, तसंच. आता नळी जंगीत घातली की शेजारची दुर्बीण कुठे बघणार? पत्र्याकडे! ब्रिटिशांना हे सुधारायला १९१८ उजाडलं. तेव्हा पॅटर्न १४ जातीच्या रायफलवर दुर्बीण नळीच्या वर आली. तोवर युद्ध संपत आलं होतं.

तुम्ही म्हणाल, निदान दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळे शहाणे झाले असतील. झाले, पण प्रत्येकजण आपल्या पद्धतीने.

रशियनांची मोसिन-नागांत घ्या. तिची मूठ सरळ उजवीकडे काटकोनात बाहेर आलेली. उचलली की वरच्या दुर्बिणीवर आदळणार. म्हणून स्नायपरच्या रायफलींना वेगळी, लांब आणि खाली वळवलेली मूठ बसवली. चार्जर पट्टीवर पाणी सोडलं, गोळ्या एकेक करून भरायच्या. अमेरिकनांनी १९०३ए४ मॉडेलमध्ये मुठीचा आकार दुर्बिणीला वाट देईल असा बदलला आणि पुढची माशी काढूनच टाकली. आता दुर्बीण फुटली तर रायफल म्हणजे काठी. शिकारीच्या बंदुकांत हा धडा आधीच गिरवला गेला होता, १९३६च्या विंचेस्टर मॉडेल ७० ची मूठ दुर्बिणीखालून जाईल अशीच घडवली होती.

जर्मनांनी मात्र या वेळी भलताच मार्ग काढला. झेडएफ-४१ नावाची दीडपट दाखवणारी चिमुकली दुर्बीण त्यांनी डोळ्यापासून लांब, पार पुढे, मागच्या माशीच्या जागी बसवली. बोल्ट मोकळा, पट्टीची वाट मोकळी, हात खूश. आणि डोळा? लांबून नळीतून पाहिल्यासारखं इवलंसं वर्तुळ. अशा दुर्बिणी लाखाच्या घरात बनल्या, पण खऱ्या स्नायपरांना त्या कधी आवडल्या नाहीत. म्हणजे ब्रिटिशांनी १९१५ मध्ये गालाला फसवलं आणि जर्मनांनी १९४१ मध्ये डोळ्याला! तरी कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाज-लेखकाने १९८०च्या दशकात 'स्काउट रायफल'ची कल्पना मांडली, तिच्यात कमी ताकदीची दुर्बीण अशीच पुढे बसवलेली होती. झटपट नेमासाठी, दोन्ही डोळे उघडे ठेवून. काम बदललं की तीच चूक सोय होते.

माझ्या मते सगळ्यात समंजस काम केलं ते ब्रिटिशांनीच, दुसऱ्या फेरीत. ली-एनफिल्ड नंबर फोरच्या कारखान्यात ज्या रायफली अचूक ठरायच्या, त्या बाजूला काढून १९४२ पासून हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवल्या जात. ही लंडनची राजे-महाराजांना शिकारीच्या बंदुका बेतून देणारी पेढी. गिऱ्हाइकाच्या हाता-खांद्याची मापं घेऊन दस्ता घडवणं हा यांचा पिढीजात धंदा. त्यांनी डाव्या बाजूला दोन बैठका पक्क्या केल्या, पण कंसाने दुर्बीण आणली बरोबर नळीच्या वर. तिप्पट दाखवणारी ही नंबर ३२ दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. ती वर गेल्याने डोळाही वर न्यावा लागला, आणि गाल पुन्हा अधांतरी. मग त्यांनी दस्त्यावर लाकडाचा एक उंचवटा दोन स्क्रूंनी बसवला.

बस्स, एवढंच. लाकडाचा एक तुकडा आणि दोन स्क्रू. पण त्या तुकड्यावर गाल टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीमागे येतो, आणि लीची मूठ तर पहिल्यापासूनच खाली, हाताजवळ. अशा सुमारे २६ हजार रायफली तयार झाल्या. चार्जर पट्टी इथेही गेलीच. यातल्याच काही रायफली ७.६२च्या नव्या रूपात १९८२च्या फॉकलंड युद्धातही होत्या.

त्यानंतरची एल९६ रायफल आली ती दस्त्यात चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येईल अशी. आणि तिच्या वाखाणल्या गेलेल्या गुणांपैकी एक कोणता? गाल दस्त्यावरून न उचलता बोल्ट मारता येतो, त्यामुळे समोरचं दृश्य नजरेतून सुटत नाही. १९०७च्या शिपायाला जे येत होतं ते दुर्बिणीसकट परत मिळवायला पाऊणशे वर्षं गेली.

हे सगळं युद्धापुरतं नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, ते क्लिप्समध्ये पुन्हा बघा. या खेळात दुर्बीण नसते, बारीक छिद्रातून नेम धरतात. पण नुसत्या पात्रता फेरीत साठ गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला बोल्ट. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून. रायफलचा मागचा हूक, गालाची पट्टी, सगळं मिलिमीटरने सरकवता येणारं. मी आधी बघितलं तेव्हा माझं सगळं लक्ष स्कोअरवर होतं. आता पाहिलं तर त्याचं डोकं बघत बसलो.

या सगळ्यातून जुळवाजुळवीचा क्रम माझ्या डोक्यात पक्का बसला. आधी दस्त्याची लांबी, मग गालाची उंची, आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, डोळे मिटून ती आरामात खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण वर्तुळ दिसलं तर ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवायची, मान नाही! मग खांद्यावरून न काढता दहा वेळा बोल्ट मारायचा. मूठ दुर्बिणीला घासली, अंगठा भिंगाखाली चेपला, किंवा मागे आलेला बोल्ट गालपट्टीला थटला, तर पुन्हा सुरुवात. बरेचजण उलटं करतात, आधी दुर्बीण घट्ट आवळतात आणि मग तिच्यामागे स्वतःला वाकवतात.

असो. तर आमच्या कॉलेजात हल्ली एनसीसीत असलेल्या एका ज्युनियरला परवा फोन केला. म्हटलं, कोतमधल्या टू-टूच्या दस्त्यावर एस, एल, बी असं काही अक्षर ठोकलंय का, बघून सांग. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"दादा, सगळ्या बघितल्या. अक्षर-बिक्षर काही नाही. पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेत फक्त."

"आणि लांबी? सगळ्या सारख्याच?"

"एक जरा आखूड वाटतेय. सात नंबरची. पण ती कोणी घेत नाही, बारकी दिसते म्हणून."

त्याची उंची विचारली. पाच फूट चार.

म्हटलं, पुढच्या फायरिंगला सात नंबर माग.