उचललेला डोंगर, रुतलेली गाडी

जगातली पहिली पिकअप मारुतीची, असं माझं प्रामाणिक मत आहे. पिकअप म्हणजे काय, तर उचल. आणि उचलीच्या इतिहासात द्रोणागिरीएवढा माल मारुतीनंतर कुणी उचललेला नाही. लक्ष्मण मूर्च्छा येऊन पडलेला, वैद्याने सांगितलेली मुळी ओळखता येईना आणि उजाडायच्या आत परत पोचायचं! मारुतीरायाने फार डोकं न लढवता आख्खा डोंगरच तळहातावर घेतला. वाटेत ना रस्ता, ना पूल, ना टोलनाका. आणि हे सगळं करण्यासाठी त्याने अंगावर एकही जादा सामान बसवून घेतलं नव्हतं. जसा जन्मला तसाच निघाला.

त्या डोंगराचा एक तुकडा येताना उरणजवळ पडला, अशी आमच्याकडची समजूत आहे. तोच आमचा द्रोणागिरी. उरणच्या दक्षिणेला, करंजाच्या खाडीकडे तोंड करून बसलेला. पायथ्याशी कोळ्यांची द्रोणागिरी देवी, माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. इथे पोर्तुगीज होते, १७३९ साली मानाजी आंग्र्यांनी त्यांना हुसकलं. पनवेलकडून येताना हा डोंगर दिसला की समजायचं, आता समुद्र लांब नाही. या डोंगराचंच नाव सिडकोने शेजारच्या नव्या वसाहतीला दिलं, आणि त्या वसाहतीत आम्ही एका जुलै महिन्यात बिऱ्हाड हलवलं. जुलै महिना निवडण्याचं श्रेय ज्योतिषीबुवांना आहे. त्यांच्या पंचांगात पाऊस नव्हता.

सामान न्यायला पिकअप ठरवली. पिकअपवाल्याने आदल्या दिवशीच हजार रुपये उचल घेतली आणि 'उचल' या शब्दाचा तिसरा अर्थही मला रोख शिकवला. गाडी अगदी साधी होती. म्हणजे कंपनीने सगळ्यात स्वस्त म्हणून जी बनवली असेल ती. ओढणारी चाकं मागची दोनच. खिडक्यांच्या काचा हाताने फिरवायच्या. गाणी लावायची सोय नव्हती, पण ती उणीव गाडीचे सगळे भाग मिळून भरून काढत.

आमचे एक मित्र मोटारींतले जाणकार आहेत. ते गाडीकडे पाहून म्हणाले, "टू-व्हील ड्राइव्ह? पावसात? खाजणात? अहो, ही उभ्याउभ्या रुतेल." त्यांची स्वतःची गाडी चारही चाकांनी ओढते. तिची किंमत ऐकून आमची ही खुर्चीवर बसली होती. मात्र त्या गाडीचं एकही चाक डांबराखाली उतरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. धुवून पुसून ठेवलेल्या देवासारखी ती फक्त दर्शनाला असते.

मित्राचं ऐकून मी घाबरलो, आणि घाबरलो की मी वाचतो. त्या रात्री बांधून ठेवलेल्या खोक्यांवर बसून मी पिकअपचा इतिहास वाचून काढला. त्यात असं निघालं की, कारखान्यातून तयार होऊन आलेली पहिली पिकअप फोर्डने १९२५ साली काढली. मॉडेल टी गाडीच्या मागे एक पत्र्याचा हौदा, किंमत २८१ डॉलर. इंजिन वीस अश्वशक्तीचं, ओढणारी चाकं मागची दोन. त्या काळी अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या दारात डांबर कुठलं आलंय! पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात चाकोऱ्या. पण चाकं उंच, टायर बारीक, पोट जमिनीपासून चांगलं वर आणि वजन कमी. ती बिचारी जायची. 'आडरानात जाणारी गाडी' असा वेगळा प्रकार तेव्हा नव्हताच, कारण सगळं जगच आडरान होतं.

चारही चाकांची ओढ सर्वांच्या तोंडी झाली ती युद्धात. १९४० साली अमेरिकन सैन्याने मोटार कंपन्यांना हलक्या गाडीचा नमुना एकोणपन्नास दिवसांत मागितला आणि बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो करून दिला. पुढे मोठं काम विलीस आणि फोर्डकडे गेलं, जीपगाड्या सहा लाखांवर निघाल्या, आणि बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. धाकट्या भावाने भाजणी भाजायची आणि थोरल्याने चकल्या खायच्या, हा प्रकार अमेरिकेतही आहे हे वाचून बरं वाटलं.

युद्ध संपलं आणि ही जीप आमच्या मुंबईत आली. महिंद्रांनी माझगावला सुटे भाग जुळवून जीपगाड्या उभ्या करायला सुरुवात केली, १९५४ साली विलीसशी करार करून त्या इथेच बनवायचं ठरवलं. साठीच्या दशकात त्यातूनच एक छोटा मालट्रक निघाला, एफसी-१५०. त्याला नाक नव्हतं. ड्रायव्हर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसायचा, त्यामुळे गाडी सतत कुणावर तरी धावून जायच्या बेतात असल्यासारखी दिसे.

पण खरी गंमत पुढे आहे. जीप इथे रुळली आणि आपल्या लोकांनी हिशोब मांडला. पुढची चाकं ओढणारी केली की पैसे जास्त, तेल जास्त, बिघाड जास्त. मग दोनच चाकं ओढणाऱ्या जीपगाड्या निघाल्या आणि धडाधड खपल्या. साताऱ्या-सांगलीकडे वडापला ज्या जीपगाड्यांत माणसं कोंबलेली, लटकलेली आपण पाहिली, त्यांतल्या बहुतेक याच वाणाच्या. ज्या गाडीचं सगळं नाव चार चाकांच्या ओढीवर झालं, तिची निम्मी ओढ आपण काढून घेतली आणि तरी ती बांधावरून, ओढ्यातून, घाटातून पळवली. मुंज करून शेंडी कापावी आणि वर मुलाला काशीलाही पाठवावं, तसं.

हे सगळं वाचून मला धीर आला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तीनशे पावलांवर तो संपला.

आमच्या इमारतीपर्यंत रस्ता नकाशावर होता. जमिनीवर त्याच्या जागी पाणी होतं. कडेने मुरुमाचा भराव, मध्ये काळा चिखल आणि पलीकडे पाचव्या मजल्यावर आमची बाल्कनी. पिकअप पन्नास पावलं गेली आणि बसली. डावं चाक गरगर फिरायला लागलं, चिखलाचे फवारे उडाले, आणि उजवं चाक कोरड्या मुरुमावर शांत उभं! मी ओरडलो, "अहो, ते उजवं फिरवा की!"

मित्र पाठोपाठ आले होते (डांबर जिथे संपलं तिथे थांबले होते). त्यांनी तिथूनच मला कारण सांगितलं. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच गतीने फिरली तर टायर घासतील. म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ते काढलं. वळणावर ते देवासारखं, चिखलात उलटं. जे चाक घसरतं त्यालाच सगळं फिरणं मिळतं, आणि ज्याची पकड आहे ते उभंच्या उभं. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. आमच्या ऑफिसात तीस वर्षं हेच होतं. जो पाय घट्ट रोवून उभा आहे त्याच्याकडे कुणी पाहत नाही, आणि जो नुसता गरगरतो त्याची बढती.

ड्रायव्हर खाली उतरला. तिशीचा पोरगा, जवळच्याच गावचा. त्याने ना गाडीला शिवी दिली ना पावसाला. मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली. टायर पसरला की चिखलावर त्याचं ओझं वाटलं जातं, हे त्याने सांगितलं नाही, मी नंतर वाचलं. मग त्याने आजीचं सागवानी कपाट ढकलून मागच्या चाकांच्या बरोबर वर आणलं. रिकाम्या पिकअपचं ढुंगण हलकं असतं, म्हणून ती पकड घेत नाही. ओझं मागच्या चाकांवर आलं की ती शहाणी होते. तेवढ्याने भागेना, तेव्हा तो माझ्याकडे एकवार आपादमस्तक बघून म्हणाला, "काका, तुमी पन मागं बसा."

डॉक्टरांनी माझ्या ज्या वजनाविषयी आजवर फक्त वाईटच सांगितलं, त्याचा असा लोकोपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग चप्पल काढून तो पाण्यात शिरला. हातात वेळूची काठी. दोन पावलं टाकी, काठी खुपसी, जरा वाकडा जाई, पुन्हा खुपसी. एका ठिकाणी काठी टक्क वाजली. तिथून तो सरळ रेषेत चालत निघाला, ती रेषा नकाशातल्या रस्त्याच्या दहा हात डावीकडे. परत येऊन गाडीत बसला, इंच इंच मागे घेतली, त्या रेषेवर घातली, आणि पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, न पळवता, त्या पाण्यातून आमच्या जिन्यापाशी नेऊन उभी केली. कपाटाचा आरसा शाबूत. मीही.

मी विचारलं, "तुला कसं कळलं रे, खाली कडक आहे ते?"

तो म्हणाला, "कलाचा काय त्यान? यो आमचे आज्याचा बांद हाय. हितं आमची भाताची खाचरं व्हती."

मला पुढचं बोलता येईना. इथली खाजणं म्हणजे समुद्राशी भांडून मिळवलेली जमीन. भरतीला बांध घालायचा, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं, खारेपण धुवायचं आणि मग भात काढायचा. त्याच्या आज्याने टोपल्या वाहून, दगड बसवून तो बांध घातला. पुढे १९७० साली सिडको आली, नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन शासनाने घ्यायची ठरवली. दराचं भांडण पेटलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. आज इथून अटल सेतूने मुंबई गाठता येते, १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत रेल्वेही आली. आणि माझं स्वयंपाकघर कुणाच्या तरी खाचरावर पाच मजले उंच उभं आहे.

उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातही एक द्रोणागिरी आहे. तिथले गावकरी आजही मारुतीची पूजा करत नाहीत, कारण त्याने त्यांचा डोंगर नेला. काम मोठं होतं, लक्ष्मणाचा जीव वाचला, सगळं खरं. पण नेताना त्याने आम्हाला विचारलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पूर्वी हे वाचून मी हसलो होतो.

सामान वर चढलं. ही चहा घेऊन आली. मी उरलेले पैसे दिले आणि वर पाचशेची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. खिडकीशी उभा राहून खाली पाण्यात कुठेतरी बघत होता. मग म्हणाला, "काका, गणपतीआधी ज्यांची गारी येल त्यांना सांगा, खांबापासून दहा हात डावीकरं ठेवा. उजवीकरं आमची तली व्हती."

तेव्हापासून आमच्या इमारतीत कुणाचंही सामान आलं की मी छत्री घेऊन खाली उतरतो आणि खांबापासून दहा हात मोजतो. मोठ्या मोठ्या गाड्यांचे ड्रायव्हर माझ्याकडे वेडा म्हणून पाहतात. जे ऐकतात ते पोचतात. जे ऐकत नाहीत त्यांना मी दोष देत नाही. जाणकार मित्र आमच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा त्यांनीही ऐकलं नव्हतं. त्यांची गाडी चारही चाकांनी त्या तळीत उतरली. तिला बाहेर ओढायला शेवटी त्याच पिकअपवाल्याला बोलवावं लागलं.

उचल त्याने आधीच घेतली.