नख आणि सागवान

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या इतिहासात सागवान आणि वाघ यांची प्रकरणे वेगवेगळी मांडण्याची पद्धत आहे. सागवानाची नोंद महसुलात आणि व्यापारात होते, तर वाघाची शिकारीत किंवा वन्यजीव संरक्षणात. जंगलात मात्र ही दोन्ही एकाच खोडावर भेटतात, कारण मार्जार कुळातील प्रत्येक प्राण्याला, मग तो ताडोब्यातील वाघ असो की चंद्रपूर शहरातील घरचे मांजर, नखे ओढण्यासाठी उभे, घट्ट आणि खरखरीत लाकूड लागते. सोफा, खुर्ची किंवा दाराची चौकट मांजराच्या नखांपासून कशी वाचवावी, हा आज अनेक घरांत विचारला जाणारा प्रश्न या जुन्या संबंधाचाच घरगुती भाग आहे, आणि म्हणून या प्रदेशात नख आणि लाकूड यांच्या वाट्याला गेल्या दीडशे वर्षांत काय आले हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर नीट हाती येत नाही.

मार्जार कुळातील बहुतेक प्राण्यांची नखे चालताना त्वचेच्या घडीत आत राहतात. बोटाच्या शेवटच्या हाडाला बांधलेला एक लवचीक अस्थिबंध त्यांना मागे धरून ठेवतो आणि स्नायू आवळले गेले म्हणजेच ती बाहेर येतात. नखाची वाढ थरांनी होते. वरचा जुना, बोथट थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून निघतो तेव्हा खालचे अणकुचीदार नख उघडे पडते, आणि हा थर काढण्यासाठी प्राणी पुढचे पंजे खोडात रोवून खाली ओढतो. त्याच वेळी त्याची पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि पंजाच्या गादीजवळील ग्रंथींचा गंध सालीवर राहतो. ओरखडा हा त्यामुळे एकाच वेळी व्यायाम, नखांची निगा आणि हद्दीची खूण असतो. वाघ मागच्या पायांवर उभा राहून ओढत असल्यामुळे त्याचे ओरखडे माणसाच्या डोक्याच्याही वर आढळतात. या कृतीत खोडसाळपणा नाही आणि ती शिक्षेने सुटणारी सवयही नाही.

या प्रदेशातील जुन्या खेड्यांत मांजराच्या नखांपासून सामान वाचवण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, कारण नखांना मोह पडेल असे सामानच घरात थोडे होते. बसायला पाट किंवा घोंगडी, निजायला दोरीने विणलेली बाज, धान्यासाठी बांबूच्या पट्ट्यांनी विणून शेणमातीने लिंपलेली ढोली, आणि भिंतीही बहुधा कुडाच्या, म्हणजे बांबू किंवा काटक्यांच्या चौकटीवर माती थापलेल्या. मांजराला नखे ओढायला अंगणातले झाड आणि घराचा लाकडी खांब मोकळा असे. गृहिणीची लढाई नखांशी नव्हती. ती मांजराच्या तोंडाशी होती, आणि तिच्यासाठी आढ्याला टांगलेले शिंके, म्हणजे दुधादह्याचे भांडे अधांतरी ठेवण्याचे दोरीचे जाळे, हे पुरेसे शस्त्र होते. ढोलीतील धान्य उंदरांपासून राखणाऱ्या या प्राण्याला इजा करणे पाप मानले जाई. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते, ही समजूत मराठी घरांत दूरवर पसरलेली आहे. वाघाची मावशी असलेल्या मांजराने भाच्याला सर्व विद्या शिकवल्या आणि झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, ही लोककथा तर वाघाच्या शेजारी राहणाऱ्या या मुलखात केवळ करमणुकीची नाही, कारण झाडावर चढणारा बिबट्या आणि जमिनीवर दबा धरणारा वाघ यांतला फरक येथे गुराख्याला रोज लक्षात ठेवावा लागत असे.

नखांपासून खरे संरक्षण लागे ते गुरांच्या कोठ्याला. विदर्भात गोठ्याला कोठा म्हणतात, आणि जंगलालगतच्या गावांत तो घराला लागून, जवळजवळ रोवलेल्या लाकडी दांड्यांचा, वरून छावलेला आणि बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्यांनी वेढलेला असे. बिबट्या कमकुवत कुडातून किंवा छपरातून वाट काढू शकतो. म्हणून कोठ्याच्या दारासाठी आणि खांबांसाठी टणक लाकूड निवडले जाई. सामान्य माणसाला हे लाकूड जंगलातून मिळण्याचा मार्ग म्हणजे निस्तार, अर्थात गावकऱ्यांनी घरगुती आणि शेतीच्या गरजेपुरते लाकूड, जळण, चारा आणि बांबू आणण्याची परंपरागत सवलत.

या सवलतीवर पहिली मोठी मर्यादा इंग्रजी अंमलात आली. गोंड राजांकडून १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५३ नंतर इंग्रजांकडे गेलेला हा मुलूख १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचा चांदा जिल्हा बनला. त्या आगेमागे प्रांताचे वनखाते उभे राहिले आणि १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाची मालकी सरकारकडे नेली. आलापल्ली, अहेरी आणि बल्लारपूर परिसरातील सागवानाची ख्याती या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी होती. सोनेरी तपकिरी रंग आणि गडद रेषा असलेले हे लाकूड व्यापारात ‘सी. पी. टीक’, म्हणजे मध्य प्रांतातील साग, या नावाने विकले गेले आणि आजही तेच नाव चालते. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते आणि त्यातील टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीला दूर ठेवते. त्यामुळे रेल्वे, इमारती आणि साहेबांच्या बंगल्यांतील खुर्च्या, टेबले, कपाटे यांसाठी त्याला मागणी होती. आलापल्लीच्या जंगलात लाकूड ओढण्यासाठी हत्ती वापरले जात, आणि गडचिरोलीतील कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच कामाची उरलेली खूण आहे.

वनखात्याने तोडलेल्या प्रत्येक लठ्ठ्यावर हातोड्याचा ठसा उमटवला जाई, आणि हा ठसा मालकीचा पुरावा मानला जाई. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात झाडावरील किंवा लाकडावरील खूण खोटी करणे अथवा पुसणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे, आणि राखीव जंगलातील झाडाची साल काढणेही निषिद्ध आहे. अशा रीतीने एकाच सागाच्या अंगावर दोन दावे उभे राहिले, एक सरकारी हातोड्याचा आणि दुसरा वाघाच्या नखांचा. लाकडाच्या हिशोबात मात्र यांतील पहिल्यालाच जागा होती. ज्या प्राण्याची हद्द त्या सालीवर लिहिलेली होती, त्याची गणना उपद्रवात झाली.

त्या गणनेचा परिणाम भयंकर झाला. हिंसक प्राणी मारणाऱ्यास सरकार रोख बक्षीस देत असे, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ आणि दीड लाखांहून अधिक बिबटे मारले गेले. मेलेल्या वाघाची नखे सोन्याचांदीत मढवून लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून घालण्याची चाल महाराष्ट्रभर होती, आणि अनेक घराण्यांत असे दागिने पिढीजात मानाची वस्तू म्हणून जपले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला अनुसूची एकमध्ये स्थान दिले, त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने त्याच्या अवयवांचा व्यापार बंद केला, तर २००३ च्या नियमांनी जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी मुदतीची एक संधी दिली. श्रद्धा कितीही निर्मळ असो, बाजारात गेलेल्या प्रत्येक नखामागे एक मेलेला वाघ होता, आणि ज्या चालीने मुलाला वाचवायचे होते तिने वाघाच्या नाशाला हातभार लावला, हे मान्य करावेच लागते.

वाघाशी वागण्याची दुसरी वाटही याच मातीत होती. ताडोबा तलावाच्या काठी असलेले तारूचे ठाणे हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. वाघाशी झुंजताना मारला गेलेला गावाचा प्रमुख तारू देवपदाला पोचला, असे परंपरा सांगते, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले असे मानले जाते. पौष महिन्यात आदिवासी तेथे पूजेला जमत. माणसाला मारणाऱ्या प्राण्याचा सूड न घेता त्या ठिकाणालाच पवित्र मानण्याची ही वृत्ती कोणत्याही सरकारी संरक्षणापेक्षा जुनी आहे. १९५५ मध्ये, म्हणजे हा जिल्हा अजून मध्य प्रदेशात असताना, ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. तेथील आलापल्लीजवळ १९५३ पासून न तोडता राखलेल्या जुन्या जंगलाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. व्याघ्रगणनेत पाऊलखुणा आणि विष्ठेबरोबर झाडांवरील ओरखडेही नोंदवले जातात. ज्या खुणेला पूर्वी वनखात्याच्या दप्तरात किंमत नव्हती, ती आता वाघाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वनरक्षकाच्या नोंदीत येते.

घरातील सामानाचा प्रश्न उभा राहिला तो शहरांत. कोळसा खाणींच्या, बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या आणि औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतींत पक्क्या भिंतींची, फरशीची घरे आली, अंगण आटले, लाकडी खांब गेले आणि त्यांच्या जागी कापडी सोफा आला. मांजराच्या दृष्टीने सोफ्याची बाजू म्हणजे घट्ट उभे राहिलेले, नख रुतेल असे आणि झोपण्याच्या जागेजवळचे खोडच होय. या पेचावर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. ती नखे कापण्यापुरती नसून प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड छाटणारी असते, आणि तिच्यानंतर पंजा दुखरा राहण्याचा संभव असतो. १९८७ च्या युरोपीय करारात ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरली, आणि न्यूयॉर्क हे २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य झाले. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम प्राण्याचा अंगभंग करणे गुन्हा ठरवते. नखासाठी वाघ मारणे आणि सोफ्यासाठी मांजराची बोटे छाटणे यांची तीव्रता सारखी नाही, पण वस्तूसाठी प्राण्याचे अंग काढून घेण्याचा विचार दोन्हीकडे एकच आहे.

नखे असलेल्या प्राण्यांसोबत माणसाने राहण्याचे या प्रदेशातील उदाहरण हेमलकशाचे आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यातील या गावी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्यप्राण्यांना आश्रय दिला, आणि त्यांत बिबटेही होते. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हे पुस्तक तेथील बिबट्याच्या सहवासातून लिहिले गेले. मराठी वाचकाला बिबट्या घराजवळ कसा वाढतो याची ओळख बहुतांशी याच पुस्तकाने करून दिली.

मांजराच्या बाबतीत उपाय त्याच दिशेचा आणि फार सोपा आहे. मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतक्या उंचीचा, म्हणजे साधारण तीन फुटांचा, सालीसकट ऐनाचा किंवा मोहाचा ओंडका जड पाटावर घट्ट बसवावा, किंवा साध्या खांबाला काथ्याची दोरी अथवा गोणपाट गुंडाळावे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असल्यामुळे नखांना ती विशेष मानवते, तर गुळगुळीत बांबूचा उपयोग होत नाही. ओंडका कोपऱ्यात न ठेवता सोफ्याच्या ज्या बाजूवर ओरखडे पडतात तिच्यालगतच ठेवावा, कारण मांजराने जागा आधीच निवडलेली असते. हललेल्या ओंडक्याकडे ते पुन्हा फिरकत नाही, म्हणून बैठक जड असावी. सोफ्याची ती बाजू काही आठवडे जाड चादरीने झाकावी आणि नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी हलक्या हाताने कापावीत. ओंडका मात्र जळणाच्या वखारीतून किंवा वनविभागाच्या परवानगीच्या विक्रीतूनच घ्यावा. मांजरासाठी राखीव जंगलातील झाडाला कोणी हात लावू नये.