यतीमाची मालमत्ता आणि आईची सही : कायद्याचा एक मागोवा

वयात न आलेल्या मुलाला उर्दूत नाबालिग म्हणतात. मराठी सरकारी कागदांत मात्र तो 'अज्ञान' असतो. महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी नोंद आढळते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही नोंद असली की मुलाची जमीन विकण्याचा अधिकार आईला आहे, असा सर्वसाधारण समज असतो. मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत तो कायद्याला धरून नाही, आणि त्याचा इतिहास आपल्या जिल्ह्याशीही जोडलेला आहे.

हनफी फिकहनुसार मालमत्तेचे वली क्रमाने असे : बाप, बापाने नेमलेला वसी, आजोबा, आजोबांचा वसी. यांपैकी कोणी नसेल तर काझी वली नेमतो. आईकडे लहान मुलांचा सांभाळ, म्हणजे हिजानत, असतो. मालमत्तेची विलायत नसते. बापाने मृत्युपत्रात तिला वसी नेमले असल्यास गोष्ट वेगळी. इतर कोणत्याही नात्यापेक्षा तिच्याकडे मुलांचे हित अधिक असते हे उघड असूनही ती या क्रमात नाही.

१८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, दोन कायदे झाले. अकराव्या कायद्याने सरकारी काझींची जुनी व्यवस्था मोडली, तर विसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील अज्ञानांच्या मालमत्तेची देखरेख दिवाणी न्यायालयाकडे सोपवली. काझीची जागा जिल्हा न्यायाधीशाने घेतली ती अशी. १८८० च्या कायद्याने काझी पुन्हा नेमता येऊ लागले, पण त्यांना कोणतेही न्यायिक अधिकार दिले नाहीत. पुढे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने आधीचे प्रांतिक कायदे एकत्र आणले. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती गरज किंवा मुलाचा स्पष्ट फायदा असल्यासच मिळते. हा कायदा आजही चालू आहे.

मूळ प्रश्नाचा निकाल १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात लावला. पतीच्या निधनानंतर एका स्त्रीने स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा हिस्सा विकला होता. निकालपत्र सय्यद अमीर अली यांचे होते. मुलांचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती अन्नवस्त्रासारख्या तातडीच्या गरजेसाठी जंगम वस्तू विकू किंवा गहाण ठेवू शकते. स्थावर मात्र नाही, तशी विक्री मुळातच रद्दबातल, असे त्यांनी ठरवले. हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मीठियान सिद्दिक खटल्यात हीच भूमिका घेतली आणि २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही तीच कायम ठेवली. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात बापानंतर आई नैसर्गिक पालक असते, मात्र स्थावर विकण्यास तिलाही न्यायालयाची परवानगी लागते.

जोयडा तालुक्याला हा विषय दूरचा नाही. काळी नदीवरील सुपा धरणाने जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. त्या काळचा भूसंपादन कायदा १८९४ चा. जमीन विकण्यास सक्षम असा कोणी नसेल तर नुकसानभरपाईची रक्कम न्यायालयात जमा करावी आणि ती दुसऱ्या जमिनीत किंवा सरकारी रोख्यांत गुंतवावी, असे त्यात होते. बाप-आजोबा हयात नसलेल्या मुस्लिम घराला हे नेमके लागू पडते. कर्ता गेल्यावर विधवेला रोजच्या खर्चाला पैसा हवा, आणि तो सोडवायचा तर कारवारच्या न्यायालयापर्यंत जायचे. कायद्याने मुलांचे भांडवल राखले, पण त्या वर्षांत घर कसे चालवायचे याचा विचार फारसा केला नाही, असे माझे मत आहे.

वयाचा प्रश्नही असाच. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरवले, पण न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलासाठी २१. म्हणजे न्यायालयाचे संरक्षण घेणारा यतीम तीन वर्षे अधिक अज्ञान राहायचा! १९९९ च्या दुरुस्तीने हा भेद गेला.

आता मुदतीचे. परवानगीवाचून नियुक्त पालकाने केलेली विक्री रद्द करून घेण्यास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. आईने केलेली विक्री मुळातच रद्द असल्याने तिथे ताबा परत मागण्याची बारा वर्षांची मुदत धरली जाते. विकत घेणाऱ्याच्या नावाने खाते झाले म्हणून ती विक्री वैध ठरत नाही.